परिपाठाआधी मुलांना खायला का देता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. शाळा तपासायला येणारे अधिकारी, सुट्टीत भेटणारे नातेवाईक, बदलीने नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि गावातील जाणती मंडळी या सर्वांचा प्रश्न एकच असतो: दुपारी शासनाची खिचडी मिळतेच, मग परिपाठाच्या आधी मुलांच्या हातावर शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ ठेवण्याचा खटाटोप कशासाठी? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, की ज्यांच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही त्यांनाही का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी हिशेबाने देऊ शकते. दुसऱ्याचे देताना मला त्रास होतो, म्हणून आजवर ते टाळत आले.

आमच्या वस्तीवर रात्रीची जेवणे आठच्या सुमारास होतात आणि शाळेत खिचडी मिळते दुपारी दीडला. सकाळी नुसत्या कोऱ्या चहावर, फार तर एखाद्या बिस्किटावर शाळेत आलेल्या मुलाच्या दोन जेवणांत सतरा तासांहून अधिक अंतर पडते. रात्रभर आपले शरीर यकृतात साठवलेल्या साखरेवर चालते. प्रौढ माणसात हा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. मुलाचे यकृतच लहान, त्यामुळे साठाही कमी. गरज मात्र उलट आहे. शरीर विश्रांतीत असताना जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यातील साधारण पाचवा हिस्सा प्रौढाच्या मेंदूला लागतो, तर पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू निम्म्याहून अधिक वाटा घेतो. म्हणजे ज्या वयात आपण मुलांना अक्षरे आणि अंक शिकवायला बसतो, त्या वयात मेंदूची भूक सर्वांत मोठी असते. आणि आपण वेळापत्रक असे आखतो की भाषा आणि गणित पहिल्या दोन-तीन तासिकांत उरकावे. शिकवणे कितीही चांगले असले, तरी तिसऱ्या तासिकेला मान टाकणाऱ्या मुलापर्यंत ते पोचत नाही.

हे माझ्या मनाचे नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दुपारच्या जेवणाखेरीज सकाळची न्याहारीही द्यावी असे सुचवले आहे, आणि गरम अन्न शक्य नसेल तिथे शेंगदाणे किंवा चणे, गूळ आणि स्थानिक फळे द्यावीत, इतक्या तपशिलाने ते लिहिलेले आहे. पोषण आहार योजनेत प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, त्याचे महत्त्व मी जाणते. पण ती दुपारी मिळतात. सकाळची शाळा तोवर होऊन गेलेली असते.

यावर शहरातील नातेवाईक म्हणतात की हल्ली तर सकाळी न खाणेच चांगले मानतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवायला सांगतात, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात, आणि महाराष्ट्रातील घराघरांत त्यावरून वाद झालेले आहेत. त्या वादात मला पडायचे नाही. तो वाढलेल्या वजनाचा, मधुमेहाचा, भरल्या घरातील प्रौढांचा वाद आहे, आणि अशा प्रौढाने न्याहारी टाळल्यास त्याचे मोठे नुकसान होते असे मी म्हणणार नाही. जमैकातील संशोधकांनी १९८०च्या दशकात शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात हाच फरक दिसला होता: न्याहारी चुकल्यावर कुपोषित मुलांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी घसरली, नीट पोसलेल्या मुलांची तशी घसरली नाही. माझ्या वर्गात बसणारी मुले यांपैकी कोणती आहेत, हे त्यांच्या दंडाकडे पाहिले तरी कळते.

आता दुसरा प्रश्न, सर्वांना का.

सुरुवातीला आम्ही सर्वांना देत नव्हतो. सकाळी वर्गात विचारत असू, आज कोण न खाता आले आहे? जी मुले हात वर करत, त्यांना देत असू आणि खर्चाचा मेळ लागावा म्हणून वहीत नावे लिहीत असू. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली, तेव्हा ही वही पुढे आली. एका सदस्यांनी नावे वाचायला सांगितली आणि ती वाचली गेली. ऐकून ते म्हणाले, "या बायांना सकाळी दोन भाकरी टाकायला होत नाही का?" त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, अशा बोलण्याची सवय होती.

मागे बसलेली एक आई उठली. तिची मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती सदस्यांशी बोललीच नाही, माझ्याकडे पाहून बोलली. "बाई, मी चारला उठते. भाकरी टाकल्याबिगर कधी रानात गेले नाही. टोपल्यात झाकून ठेवते. वेचणी किलोवर असते, उशीर केला तर माझं वजन भरत नाही. सहाला पोरीला उठवून घास दिला तर तिच्या गळ्याखाली उतरत नाही, आन् तिला भूक लागते तवा मी पऱ्हाटीत असते. तुमची पोरगी तुमच्या डोळ्यांदेखत जेवते. माझी जेवली का उपाशी, ते मला रातीच्याला कळतं." एवढे बोलून ती बैठक सोडून गेली. त्या दिवशीची मजुरी बुडवून ती शाळेत आली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिची मुलगी शाळेत आली नाही. मी घरी गेले तेव्हा आजीने सांगितले की पोर आईबरोबर रानात गेली आहे. पुढच्या आठवड्यात ती परत आली आणि मी विचारण्याच्या आधीच सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी खाऊन आलेय." त्यानंतर ती रोज तसेच म्हणू लागली. तिसऱ्या तासिकेला तिचे डोके दप्तरावर असे. ती खाऊन आलेली नाही हे मला माहीत होते, आणि मला ते माहीत आहे हे तिलाही ठाऊक होते. पण तिच्या आईची इज्जत त्या एका वाक्यावर उभी होती आणि ते खोडण्याचा अधिकार मला नव्हता.

मग आम्ही विचारणे बंद केले. वही बंद केली. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर सारखेच द्यायचे, त्या सदस्यांच्या नातवाच्याही आणि किराणा दुकानदाराच्या मुलाच्याही. सर्वांच्या रांगेत तिनेही हात पुढे केला. सर्वांना का, याचे माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे. गरजू मूल निवडून काढायचे म्हटले की त्याच्या घराची झडती घ्यावी लागते, आणि ती झडती मूल विसरत नाही.

याने सारे सुटले असे मी म्हणत नाही. काही मुले आता शाळेत मिळते म्हणून घरची भाकरी टाळतात, हे मला दिसते आणि खुपते. नोकरीत नवी असताना मी स्वतः प्रशिक्षणात तावातावाने मांडले होते की जेवू घालणे हे घराचे काम आहे आणि तांदळाच्या नोंदी ठेवण्यात शिक्षकाचा वेळ जाऊ नये. त्या वेळच्या मला आज खोटे ठरवता येत नाही. परिपाठाआधीचा वेळ शिकवण्यातूनच जातो. त्या आईनेही माझ्याकडे शेंगदाणे मागितले नव्हते. मुलीला भूक लागेपर्यंत घरी थांबता येईल अशी मजुरी तिला हवी होती, आणि ती देणे माझ्या हातात नाही. तरीही शनिवारी सकाळी आणि उन्हाळ्यात सातला शाळा भरते तेव्हा मुले माझ्यासमोर उपाशी बसलेली असतात, आणि मला पाढे शिकवायचे असतात.

तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत प्राथमिक शाळांसाठी न्याहारी योजना सुरू केली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांना लागू केली. तिथे पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळेच्या दिवशी सकाळी उपमा, पोंगल, खिचडी असे गरम अन्न मिळते आणि खर्च शासन करते. आमच्याकडे तो आम्ही तीन शिक्षक वाटून घेतो; गूळ तोच किराणा दुकानदार देतो. माझी बदली झाल्यावर हे कोण चालवणार, असेही तुम्ही विचारता. त्याबद्दल माझ्या दोन्ही सहकाऱ्यांशी बोलणे झाले आहे. एकीने होकार दिला आहे, दुसऱ्यांनी विचार करून सांगतो म्हटले आहे.