आमची वाटचाल: छातीवरच्या पट्टीपासून वजनकाट्यापर्यंत

हृदयरुग्णांची घरबसल्या देखरेख म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पडद्यावर सरकणारी ईसीजीची रेघ येते. आमच्या कंपनीची सुरुवातही त्याच रेघेपासून झाली. आज आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जमा होणाऱ्या नोंदींपैकी डॉक्टरांना सर्वांत जास्त कामाची वाटते ती मात्र साध्या वजनकाट्याची. मधल्या काळात काय बदललं आणि का, ते या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

पहिलं उत्पादन होतं छातीवर चिकटवायच्या पट्टीचं. एकच लीड, म्हणजे हृदयाच्या विजेकडे एकाच कोनातून बघणारी जोडणी, सेकंदाला २५० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा. म्हणजे सेकंदाला ५०० बाइट, दिवसाला ४३ एमबीच्या आसपास. हा भार नेटवर्कला काहीच नाही. खरी अडचण सिग्नलमध्ये असते. माणूस कूस बदलतो, हात वर करतो, घाम येतो, आणि रेघ वरखाली डोलायला लागते. ०.५ हर्ट्झच्या खालचं, म्हणजे दोन सेकंदांत एकदाहूनही संथ डोलणारं, सगळं गाळलं की डोलणं थांबतं. पण त्याच गाळणीने एसटी भागाचा, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडला की बदलणाऱ्या रेघेच्या तुकड्याचा आकारही बिघडतो. म्हणून ०.५ ते ४० हर्ट्झच्या पट्ट्यातली रेघ ठोक्यांची लय पाहायला चालते, हृदयाला रक्तपुरवठा कमी पडतोय का हे ठरवायला चालत नाही. त्यासाठी खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झपर्यंत न्यावी लागते. हे डॉक्टरांच्या पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर स्वच्छ दिसणाऱ्या रेघेवर नको तेवढा विश्वास बसतो.

ठोके ओळखण्यासाठी पॅन आणि टॉम्पकिन्स या संशोधकांची १९८५ची पद्धत अजूनही चांगली चालते. एमआयटी-बीआयएच या ईसीजींच्या प्रसिद्ध संग्रहातल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदींवर ती तपासली तर निकाल बघून कुणीही खूश होईल. पण त्या नोंदींत जेल सुकलेली, एका कडेने उचकटलेली पट्टी नसते. म्हणून ठोके मोजण्याआधी ‘पट्टीचा त्वचेशी संपर्क आहे का’ हे तपासणारा वेगळा टप्पा लागतो. संपर्क नसेल तर ‘ठोका नाही’ असं नव्हे, तर ‘माहिती नाही’ असं नोंदवायचं. या दोन वाक्यांत रुग्णवाहिका बोलावण्याइतका फरक आहे.

धडधड किंवा अचानक चक्कर यांचं कारण शोधायला अशी पट्टी आठवडा-दोन आठवडे लावणं ठीक आहे. तेवढ्यासाठी ती आमच्याकडे अजूनही आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला मात्र महिनोन्‌महिने देखरेख लागते, आणि एवढा काळ छातीवर पट्टी कुणी ठेवत नाही. खाज सुटते, पुरळ उठतं, आंघोळीची पंचाईत होते. तिथून आम्ही वजन, बीपी, नाडी आणि लक्षणांचे प्रश्न या चार गोष्टींकडे वळलो.

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय रक्त नीट पुढे ढकलू शकत नाही, तेव्हा शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. धाप लागण्याआधी, पायांवर सूज दिसण्याआधी अनेकदा काटा सरकलेला असतो. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर कळवा, हा नियम डॉक्टर रुग्णांना सांगतातच. तो सॉफ्टवेअरमध्ये घालणं हे अर्ध्या तासाचं काम. पण तेवढ्याने भागत नाही. रोज ३०० ग्रॅमने वजन वाढलं तर तीन दिवसांत ९०० ग्रॅमच होतात आणि नियम गप्प बसतो. दहा दिवसांत मात्र तीन किलो चढलेले असतात. म्हणून दुसरा नियम डॉक्टरांनी ठरवलेल्या ‘ड्राय वेट’शी, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाशी तुलना करतो. तिसरा नियम उलट्या दिशेचा: वजन झपाट्याने उतरतंय, बीपीही खाली येतंय आणि रुग्ण चक्कर येते म्हणतोय, तर लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस जास्त होत असेल. कित्येक जण हा नियम घालतच नाहीत, कारण ‘वजन कमी झालं’ हे ऐकायला चांगलं वाटतं.

ड्राय वेट कायमचं नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं. भूक सुधारली की चरबी वाढते. उलट दीर्घ आजारात स्नायू झिजतात आणि तेवढंच पाणी साचतं, तेव्हा काटा जागचा हलत नाही. त्यामुळे आमचं अ‍ॅप ठरावीक दिवसांनी डॉक्टरांना ड्राय वेट पुन्हा पाहायला सांगतं, आणि रुग्णाला रोज तीन प्रश्न विचारतं: काल रात्री किती उशा घेतल्या, धाप लागून मध्येच उठावं लागलं का, पायातली चप्पल घट्ट होतेय का. पाणी साचलं की सपाट झोपल्यावर दम लागतो आणि उशा वाढतात, म्हणून उशांचा प्रश्न आम्हाला विशेष आवडतो. ‘दम लागतो का’ विचारलं तर लोक ‘नेहमीसारखाच’ म्हणतात. एकाच्या दोन उशा झाल्या हे मात्र बिनचूक सांगतात.

मोजण्याची पद्धत ठरलेली: सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, साधारण सारख्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. काटा कडक, सपाट फरशीवर हवा. गालिच्यावर ठेवला की आकडा चुकतो. तोल सांभाळायला भिंतीचा किंवा वॉकरचा आधार घेतला की वजन कमी भरतं. आणि घरातलं दुसरंच कुणी काट्यावर उभं राहिलं तर ते वजनही रुग्णाच्या नावावर जमा होतं. एका दिवसात पाच किलोंचा फरक दिसला की अ‍ॅप आधी ‘हे वजन तुमचंच का?’ असं विचारतं आणि पुन्हा उभं राहायला सांगतं. उत्तर येईपर्यंत आकडा आलेखात रिकाम्या गोलाने दिसतो. पुसून टाकत नाही. हाताने टाईप केलेल्या आकड्यांवरही वेगळी खूण असते, कारण ७६चे ६७ व्हायला वेळ लागत नाही.

बीपीच्या यंत्राला ब्लूटूथने जोडताना प्रोग्रामरचा घाम निघतो. प्रमाण ब्लूटूथ सेवा पाळणारी यंत्रं निवडली तर निम्मा त्रास वाचतो: बीपीच्या सेवेचा क्रमांक ०x१८१०, वजनाच्या सेवेचा ०x१८१डी. तरी खाचखळगे आहेतच. बीपीचे आकडे १६ बिटांच्या खास दशांश रूपात येतात: १२ बिट संख्या, ४ बिट घात. ‘आकडा उपलब्ध नाही’ यासाठी ०x०७एफएफ हे मूल्य राखून ठेवलेलं आहे. ते वेगळं ओळखलं नाही तर पडद्यावर बीपी २०४७ दिसतं. सरासरी दाब न मोजणारी यंत्रं त्या जागी हेच मूल्य पाठवतात, त्यामुळे ही चूक हमखास पुढ्यात येते. वजनाच्या संदेशात पहिला बिट एकक सांगतो. तो शून्य असेल तर प्रत्येक पायरी ०.००५ किलोची, एक असेल तर ०.०१ पौंडाची. म्हणजे १४००० आलं तर ते ७० किलो असेल किंवा १४० पौंड.

त्याहून चिवट प्रश्न वेळेचा. यंत्राची बॅटरी बदलली की त्याचं घड्याळ कित्येकदा मूळपदावर जातं आणि आजचं बीपी काही वर्षांपूर्वीचं म्हणून येतं. आम्ही प्रत्येक नोंदीसोबत तीन वेगवेगळ्या वेळा साठवतो: यंत्राने सांगितलेली, फोनला मिळाली ती आणि सर्व्हरवर पोचली ती. जोडणी होताच यंत्राचं चालू घड्याळ वाचून फोनशी असलेला फरक काढला की साठलेल्या जुन्या नोंदींची खरी वेळही बहुधा लागते. आठवडाभर फोन जवळ नव्हता आणि आज सात नोंदी एकदम आल्या, तर जुन्या नोंदींवरून आजचा इशारा वाजता कामा नये. तीच नोंद दोनदा पोचली तर एकदाच धरायची, म्हणून तिचा ओळखक्रमांक फोनवरच तयार होतो.

अँड्रॉइड ६पासून फोन वीज वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स झोपवतो. काही कंपन्या त्यात आणखी भर घालतात. त्यामुळे ‘रुग्णाने मोजलंच नाही’ आणि ‘मोजलं पण फोनने पाठवलं नाही’ हे वेगळं ओळखावं लागतं. रुग्णाला उगाच बोलणी बसली की तो दुसऱ्या आठवड्यात मोजणं सोडतो.

आता इशाऱ्यांचा हिशेब. समजा २०० रुग्ण, प्रत्येकाच्या रोज चार नोंदी, म्हणजे ८००. त्यातल्या फक्त दोन टक्क्यांवर खोटा इशारा वाजला तरी दिवसाला १६ होतात. प्रत्येकासाठी दहा मिनिटांचा फोन धरला तर जवळपास पावणेतीन तास खोट्या इशाऱ्यांतच जातात. महिनाभरात नर्स इशारे न वाचताच बंद करायला लागते, आणि त्यात तिचा दोष नसतो. सगळ्यांना एकच मर्यादा लावणं हे याचं मोठं कारण. बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ करणारं औषध घेणाऱ्याची नाडी ५२ असणं त्याच्यापुरतं ठीक असू शकतं. ६०ची सरसकट मर्यादा त्याच्या नावाने रोज वाजणार. एट्रियल फिब्रिलेशन या लय बिघडण्याच्या आजारात ठोके अनियमित असल्याने दंडाच्या पट्ट्याचं प्रत्येक बीपी वेगळं येतं, तिथे तीन मोजमापांची सरासरी धरायची. मर्यादा रुग्णागणिक, आणि ती कुणी, कधी, का बदलली याची न पुसता येणारी नोंद.

इशारा आल्यावर तो कुणाचा, हे ठरलं नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. हार्ट फेल्युअरच्या दूरदेखरेखीवरच्या अमेरिकेतल्या टेली-एचएफ अभ्यासात (२०१०) १६५३ रुग्ण होते. त्यातले निम्मे स्वयंचलित फोनवर लक्षणं आणि वजन सांगत. फायदा दिसला नाही. यंत्रणा दिलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी ती एकदाही वापरली नव्हती. जर्मनीतल्या टीआयएम-एचएफ२ या तशाच अभ्यासात (२०१८) पंधराशेहून जास्त रुग्ण होते आणि मागे २४ तास डॉक्टर-नर्स असलेलं केंद्र होतं. तिथे मृत्यूचं प्रमाण दर १०० रुग्णवर्षांमागे (म्हणजे १०० रुग्णांच्या एका वर्षात) नेहमीच्या उपचारांच्या गटात ११.३४, तर देखरेखीच्या गटात ७.८६ होतं. दोन्हींतले रुग्ण आणि उपकरणं वेगळी आहेत, त्यामुळे सरळ तुलना करू नये; पण इशाऱ्यामागे माणूस असण्याची किंमत आम्ही यावरूनच धरली. आता ज्या रुग्णालयाकडे इशारे घेणारी व्यक्ती नेमलेली नाही, तिथे आम्ही प्रणाली बसवत नाही. काही कामं यामुळे हातची गेली.

आमच्याकडे प्रत्येक इशाऱ्यावर एक नाव असतं. ठरल्या वेळेत त्या व्यक्तीने उघडला नाही तर तो पुढच्याकडे जातो. कारण निवडल्याशिवाय बंद होत नाही: गोळी चुकली, खारट खाणं झालं, काटा हलवला, डोस बदलला, फोन लागला नाही. ही यादी महिन्याअखेरीस काढली की कुठली मर्यादा सैल करायची ते दिसतं. रात्री केंद्रात कुणी नसेल तर अ‍ॅप तसं स्पष्ट सांगतं, आणि छातीत दुखतंय असं उत्तर आलं की पुढचे प्रश्न न विचारता तातडीच्या सेवेला फोन करायचं बटण पुढे करतं.

डॉक्टरांच्या पडद्यावर एका रुग्णाला एक ओळ, ज्याच्याकडे आधी बघायला हवं तो वर. ओळ उघडली की ३० दिवसांचा आलेख. वजनाचा अक्ष शून्यापासून काढला तर दोन किलोंची वाढ दिसतच नाही. आपोआप ताणू दिला तर २०० ग्रॅमचाही डोंगर होतो. म्हणून ड्राय वेटच्या वर पाच, खाली पाच किलो, असा पट्टा पक्का केला. नोंद नसलेल्या दिवशी रेघ तुटते, जोडून घेत नाही. औषधातले बदल त्याच आलेखावर उभ्या रेघांनी दिसतात. डोस वाढवला त्यानंतर काटा खाली आला का, हे डॉक्टरांना एका नजरेत हवं असतं.

वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठी आयईसी ६२३०४ आणि जोखमीसाठी आयएसओ १४९७१ ही मानकं पहिल्या दिवसापासून धरावीत. नंतर कागदपत्रं जुळवणं फार महाग पडतं. इशाऱ्याचा कुठलाही नियम बदलताना आम्ही जुन्या, नावं काढलेल्या नोंदी नव्या नियमातून पुन्हा सोडतो आणि कुठले इशारे वाढले, कुठले गळले ते डॉक्टरांसोबत तपासतो. गळलेल्यांना जास्त वेळ लागतो.

सध्या हातात असलेलं काम आहे काटा बदलण्याचं. जुना बिघडला आणि नवा आणला की दोन्हींत अर्ध्या किलोचा फरक असू शकतो, आणि आलेखात तो पाणी साचल्यासारखा दिसतो. नव्या काट्याचा अनुक्रमांक दिसताच सॉफ्टवेअर आलेखावर खूण करतं आणि जुना चालू असेल तर तीन दिवस दोन्हींवर वजन करायला सांगतं. जुना बंदच पडला असेल तर पहिला आठवडा वजनाचे नियम कसे चालवायचे, यावर डॉक्टरांशी अजून चर्चा चालू आहे. तोपर्यंत त्या आठवड्यात लक्षणांच्या उत्तरांना जास्त महत्त्व दिलंय आणि नर्सचा एक फोन ठरवून ठेवलाय.