पांढऱ्या शिधापत्रिकेवर झालेली अँजिओप्लास्टी

वडिलांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद असल्याचे अँजिओग्राफीत दिसले आणि डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी, म्हणजे ती वाहिनी फुग्याने मोकळी करण्याचा उपचार, लांबवू नका असे बजावले, तेव्हा आमच्या घरात पांढरी शिधापत्रिका होती. १९९९ पासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे वार्षिक उत्पन्न १ लाखावर गेले की केशरी शिधापत्रिका मिळत नाही, पांढरी मिळते. वडिलांची कारखान्यातली नोकरी चालू असताना त्यांचा पगार या मर्यादेच्या थोडा वर होता. पुढे कारखाना बंद पडला, ते रखवालदारी करू लागले, तरी शिधापत्रिकेचा रंग तोच राहिला. महिन्याला साडेआठ हजार मिळवणारे कुटुंब सधन धरणारी ही मर्यादा मला आजही अन्यायाची वाटते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, पूर्वी प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांनाच उपचार मिळत. पांढऱ्या शिधापत्रिकेवर लाभ होता तो १४ आपत्तिग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकरी कुटुंबांना. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही अट काढून सर्व शिधापत्रिकाधारकांना योजनेत घेण्याचे आणि कुटुंबाच्या उपचारखर्चाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर नेण्याचे ठरवले. प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र जुलै २०२४ मध्ये सुरू झाली.

हे ठाऊक असल्यामुळेच मी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर "पांढऱ्या कार्डाला योजना नाही, अनामत भरा" हे उत्तर ऐकून परत फिरलो नाही. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठले. शिधापत्रिका चालेल, पण तिचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक हवा, असे त्याने सांगितले. या शिधापत्रिकेवर आम्ही कधी धान्य उचललेले नसल्याने ती संगणकावर चढलेलीच नव्हती. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज, सर्वांची आधारकार्डे आणि जुनी, घड्यांवर फाटलेली शिधापत्रिका दिली. तिथल्या लिपिक बाईंनी अँजिओग्राफीचा अहवाल पाहून आमचे प्रकरण पुढे घेतले, हे त्यांचे ऋण मी मानतो.

क्रमांक मिळताच आरोग्यमित्राने नोंदणी केली, रुग्णालयाने कागदपत्रे पूर्वमान्यतेसाठी पाठवली आणि मंजुरी आल्यावर वडिलांना शस्त्रक्रियेसाठी घेतले. दरम्यान स्टेंटचे, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवायच्या जाळीदार नळीचे, पैसे वेगळे मागण्यात आले. ते योजनेने त्या उपचारासाठी ठरवलेल्या एकत्रित रकमेतच (पॅकेजमध्ये) धरलेले असतात, हे आरोग्यमित्रासमोर विचारल्यावर मागणी थांबली.

घरी सोडल्यानंतरच्या दहा दिवसांची औषधे योजनेतून मिळाली. त्यानंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा खर्च आमचा आम्ही करतो, आणि रखवालदाराच्या पगारात तो दरमहा जाणवतो. योजनेचा पुढचा विस्तार याच औषधांपर्यंत व्हायला हवा. ज्यांच्याकडे पांढरी शिधापत्रिका आहे त्यांनी घरात कोणी आजारी नसतानाच तिचा ऑनलाइन क्रमांक आणि त्यावर सर्वांची नावे आहेत का, हे पुरवठा शाखेत तपासून घ्यावे.