पायनियरची बायको

मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच फेडरेशन स्क्वेअर. तिथल्या कोनाकोनांच्या इमारतींमध्ये नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाचा ऑस्ट्रेलियन विभाग आहे. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. मेलबर्नची महागाई अनुभवल्यावर यावर विश्वास बसेना, म्हणून भाचीला पुन्हा पुन्हा विचारलं.

मला बघायचं होतं फ्रेडरिक मॅककबिन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं १९०४ मधलं 'द पायोनियर'. पायनियर म्हणजे रान तोडून नव्याने वस्ती करणारे गोरे. एकाच चौकटीत तीन चित्रं. सव्वादोन मीटर उंच, जवळजवळ तीन मीटर रुंद. डावीकडे दाट रानात जमिनीवर बसलेली एक बाई. मागे छपराची गाडी थांबलीय, नवरा जाळ पेटवतोय. तिचं त्याच्याकडे लक्ष नाही. मधल्या चित्रात काही वर्षं उलटली आहेत. थोडी झाडं पडून जागा मोकळी झालीय, दूर एक घर उभं आहे, नवरा ओंडक्यावर टेकलाय आणि तिच्या हातात मूल आहे. उजवीकडे ती नाही. लाकडी क्रॉस आहे, त्याच्याशी वाकलेला एक माणूस आहे आणि झाडांपलीकडे धुरकट शहर. कबर कोणाची, हा माणूस तिचा मुलगा की कोणी वाटसरू, यावर अजून वाद चालतो. मी मुलगाच धरते.

कष्टांचं चित्र म्हणून हे प्रसिद्ध आहे, पण तिन्ही भागांत कोणी घाम गाळताना दिसत नाही. कष्ट आहेत ते झाडांत. डावीकडे तर आकाश जवळपास उरलेलंच नाही, नुसती खोडं. माणसं नीट रेखून काढलीत; पायाखालचं गवत, पाचोळा आणि झुडपं मात्र पॅलेट नाइफने, म्हणजे रंग मिसळायच्या पात्याने ओढलेल्या रंगाच्या जाड थरांत. दोन पावलं पुढे गेलं की रान रंगात विरघळतं आणि बाई त्यात अर्धी बुडते. मागे सरकलं की ती पुन्हा बसलेली. पॅरिसच्या इंप्रेशनिस्टांनी, म्हणजे उघड्यावर बसून क्षणाचा उजेड पकडणाऱ्या चित्रकारांनी, असा उजेड नदीकाठच्या सहलींवर, बागांवर टाकला. त्यांच्यातल्या पिसारोने शेतकरी रंगवले, मान्य. पण ते पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या जमिनीवरचे. इथे जमीन अजून झाडांखालीच आहे.

त्या झाडांचा हिशेब कायद्यात होता. सोनं शोधायला आलेल्यांची लाट ओसरल्यावर लोकांना जमिनी हव्या होत्या, म्हणून १८६० च्या दशकात व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नभोवतीच्या वसाहतीत, एकामागून एक जमीन कायदे झाले. १८६९ च्या कायद्याने माणशी ३२० एकरांपर्यंत जमीन निवडता येई. अट अशी की तिथेच राहायचं, कुंपण घालायचं, काही भाग पिकाखाली आणायचा आणि हप्ते भरायचे. सगळी झाडं कुऱ्हाडीने पाडणं अशक्यच. मग खोडाभोवतीची साल गोल काढून झाड उभ्याउभ्या वाळवत. कित्येकांना ते झेपलं नाही. जमीन सोडून ते निघून गेले.

स्वतः मॅककबिन पक्का शहरी. १८५५ मध्ये मेलबर्नमध्ये जन्म, घरची बेकरी, तरुणपणी पावाची गाडी हाकलेली, पुढे गॅलरीच्याच कलाशाळेत ड्रॉइंग मास्तर. १८८५ मध्ये टॉम रॉबर्ट्स आणि लुई एब्राहम्स या चित्रकार मित्रांबरोबर मेलबर्नबाहेरच्या बॉक्स हिलच्या रानात तंबू ठोकून त्याने उघड्यावर रंगवायला सुरुवात केली. १८८९ मध्ये या मंडळींचं 'नाइन बाय फाइव्ह' प्रदर्शन भरलं. बरीचशी चित्रं सिगारच्या डब्यांच्या नऊ बाय पाच इंची झाकणांवर काढलेली! जेम्स स्मिथ या समीक्षकाने त्यांना चांगलंच झोडपलं.

'द पायोनियर' त्याने मेलबर्नबाहेरच्या माउंट मॅसिडन डोंगरावर आपल्या घराजवळच्या रानात रंगवलं. एवढा मोठा कॅनव्हास उघड्यावर हाताळायचा, तर वरपर्यंत हात कसा पोचणार? त्यासाठी त्याने चर खणून घेतले आणि कॅनव्हास त्यांत खाली उतरवला. डावीकडच्या बाईसाठी बसली ती त्याची बायको, ॲनी. त्या घराला त्याने नाव दिलं होतं 'फॉन्टेनब्लू', फ्रेंच चित्रकारांच्या लाडक्या जंगलाचं. पायनियरचं दुःख रंगवणाऱ्याच्या घरावर फ्रेंच पाटी! मला यात ढोंग वाटत नाही, हौस वाटते.

खटकतं ते उजवीकडचं शहर. चित्र आधी विकलं गेलं नाही. मग वॉल्टर विदर्स या चित्रकार मित्राच्या सल्ल्याने त्याने शहर नंतर घातलं, आणि १९०६ मध्ये गॅलरीने फेल्टन या उद्योजकाने मागे ठेवलेल्या निधीतून चित्र विकत घेतलं. १९०१ मध्ये वसाहती एकत्र येऊन नुकत्याच झालेल्या देशाला ही गोष्ट रुचणारच होती: आधीच्यांनी सोसलं म्हणून आज शहर उभं आहे. शहर झाकून बघा (मी एक डोळा मिटून, हात आडवा धरून बघितलं, पहारेकरी बघत होता), आणि कबर सगळा फायदा-तोटा झुगारून नुसती कबर होते. ते चित्र मला जास्त खरं वाटलं. आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं चाललंय ते इथले मूळ रहिवासी, वुरुंजेरी आणि त्यांचे शेजारी, या तिन्ही चौकटींत कुठेच नाहीत. रान रिकामं होतं, असं चित्र गृहीतच धरतं.

पुढच्या रविवारी भाचीने मॅसिडनला नेलं. रेल्वेने जायचं तर सदर्न क्रॉस स्टेशनवरून बेंडिगोची गाडी पकडायची, तासाभराचा प्रवास. घर खासगी मालकीचं आहे, आत जाता येत नाही. चित्रातली झाडं शोधण्यातही अर्थ नाही, कारण १९८३ च्या 'ॲश वेन्सडे' वणव्यात डोंगराचा बराच भाग जळाला. तरी निलगिरीच्या खोडांमधून येणारा उजेड तसाच राखाडी-हिरवा आहे, आणि दुपारी तीनलासुद्धा थंडी वाजते. स्वेटर न्या.

वेळ असेल तर मेलबर्नजवळच्या जिलाँग शहरातल्या जिलाँग गॅलरीतलं मॅककबिनचं १८९० मधलं 'अ बुश बेरियल'ही बघा. तिथे रानातल्या दफनविधीला मोजकी माणसं जमलीत आणि त्यातल्या तरुण बाईसाठीही ॲनीच उभी राहिली होती. फोनवर ते चित्र दाखवलं तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, या माणसाने बायकोचा एकतरी हसरा फोटो काढला असेल का गं?"