मधल्या काट्याची पूड

“काट्यांचं काय करतीस गं पोरी? मांजरं हायत व्हय घरात?” मासळी बाजारातल्या मावशींनी विचारलं आणि सुरमईचे मधले काटे पिशवीत भरून दिले. कोकणातून घाट चढून कोल्हापुरात आलेल्या मासळीचं हॉटेलांसाठी बोनलेस काढतात, उरलेला काटा कचऱ्यात जातो. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाला, खाण्यात मिसळायची कॅल्शियमची पूड करायला, तोच हवा होता. माशाच्या हाडातलं खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरसचं, वजनाने साधारण दोनास एक.

पहिला घाणा वाया गेला. काटे उकळले, ब्रशने मांस काढलं, वाळवून दळले. पूड पांढरीशुभ्र दिसली, पण काही दिवसांनी डबा उघडला तर खवट भपकारा! हाडाच्या पोकळीत राहिलेल्या चरबीला हवा लागली होती.

दुसऱ्या वेळी काटे कुकरमध्ये शिजवले, पाणी गार झाल्यावर वर जमलेली चरबी काढली. उरलीसुरली चरबी आणि प्रथिनं जावीत म्हणून खाद्य दर्जाच्या कॉस्टिक सोड्याचं २ टक्के द्रावण केलं आणि घाईत अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं. फेस आला, पातेलं काळं पडलं. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, त्यातून हायड्रोजन सुटतो. सगळं ओतून द्यावं लागलं. हे काम स्टीलच्याच भांड्यात, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावं, हे मी कळकळीने सांगते.

तिसऱ्या वेळी जमलं. खरा वेळ गेला तो धुण्यात. पीएच कागद ७ दाखवेपर्यंत, म्हणजे सोड्याचा अंश निघून जाईपर्यंत, पाणी बदलत राहिले. मग ओव्हनमध्ये वाळवणं, दळणं. तरी दाताखाली कचकच होतीच, म्हणून आणखी बारीक चाळणी लावली. हाडात शिसं साठू शकतं, त्यामुळे प्रयोगशाळेचा अहवाल हातात येईपर्यंत कुणालाही चव दिली नाही.

अहवाल चांगला आला, तेव्हा ती पूड घालून नाचणीची बिस्किटं केली. नाचणीत मुळातच १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि प्रौढांसाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये दिवसाला १००० मिलिग्रॅम सांगितलंय. पाकिटाच्या नमुन्यावर मी मांसाहाराची तपकिरी खूण ठेवली आणि ‘यात मासा आहे’ हेही ठळक लिहिलं. नाचणीचं बिस्कीट समजून एखाद्या शाकाहारी आजींनी किंवा माशाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाने ते खाल्लं तर, हा विचार मला झोपू देत नव्हता.

मावशी आता माझे काटे वेगळ्या पाटीत, बर्फाखाली ठेवतात.