मिटलेला लॅपटॉप आणि भरलेला राऊटर

एकाच घरातून तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी गेलो. रोज संध्याकाळी नेट जातं, राऊटर बंद करून चालू केला की येतं, तासाभरात पुन्हा जातं. पहिल्या खेपेला आमच्यातल्या एकाने फॅक्टरी रीसेट मारून तक्रार मिटवली होती. त्याच्या पेटीत तेवढं एकच औषध आहे. दुसऱ्या खेपेला मी फोनवरच निकाल देऊन टाकला: राऊटर गेलाय, बदला. त्यांनी बदलला. नवा चार अँटेनांचा, खोक्यावर भलेमोठे आकडे छापलेला. आता तोही तेच करत होता.

निघण्याआधी जुनी नोंद काढून वाचली. घरातल्या सूनबाईंनी दुसऱ्या वेळी सांगितलेलं एक वाक्य मीच त्यात टाइप केलं होतं: ‘माझा कॉल चालू असतो, पण फोनवर पेज उघडत नाही.’ त्यापुढे माझाच शेरा: ‘तक्रार अस्पष्ट.’

इतकी स्पष्ट तक्रार मला गेल्या कित्येक महिन्यांत कुणी केलेली नाही.

घरातल्या सगळ्या उपकरणांना मिळून बाहेरच्या जगात बहुधा एकच पत्ता असतो. आतून बाहेर गेलेली प्रत्येक जोडणी राऊटर एका तक्त्यात टिपून ठेवतो, म्हणजे उत्तर आलं की ते कोणाला द्यायचं हे त्याला कळतं. या तक्त्याला मर्यादा असते. तो भरला की आधीपासून चालू असलेल्या जोडण्या चालत राहतात, पण नव्याला जागा मिळत नाही. पहिला बळी जातो डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, कारण साइटचा पत्ता विचारायला बाहेर पडायचं म्हणजे तक्त्यात नवी ओळ हवी. म्हणून बैठकीत फोनवर ‘इंटरनेट नाही’ झळकतं आणि आतल्या खोलीत कॉल मजेत चालू असतो. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. वाक्य टाइप करताना मी फक्त ते वाचलं नव्हतं.

दार काकांनी उघडलं. निवृत्त, नीटनेटके, आणि टोरेंटवाले, म्हणजे एकमेकांच्या संगणकांवरून थेट फायली घेणाऱ्या-देणाऱ्यांतले. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या आयएसओ फायली उतरवून घ्यायच्या आणि मग महिनोन्महिने सीड करत, म्हणजे इतरांना देत, राहायच्या, हा त्यांचा छंद. ‘फुकट घेतो, तर परत नको का द्यायला?’ असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोट काढता येत नाही. मी टोरेंटचं नाव काढताच त्यांनी मला दोन गोष्टी ऐकवल्या. एक, अपलोडला मर्यादा घातलेली आहे. दोन, नेट गेलं की ते सगळ्यात आधी तो प्रोग्रॅमच बंद करतात, तरी नेट येत नाही. राऊटर बंद करून चालू केला की लगेच येतं. ‘आता तुम्हीच सांगा, दोष कुणाचा?’

मी गप्प बसलो. त्यांच्या तर्कात मला भोक दिसत नव्हतं.

नशिबाने या राऊटरमध्ये एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून आज्ञा टाइप करून, शिरता येत होतं. बऱ्याच घरगुती राऊटरांत ते दारच नसतं. आत तक्त्याची कमाल मर्यादा ४०९६ होती. त्या क्षणी भरलेल्या ओळी: ४०९६. लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ ही ओळ पानामागून पानं. खोक्यावर अँटेना किती, वेग किती, पडदा किती इंची असला तरी चित्र अडकणार नाही, सगळं छापलेलं होतं. तक्ता किती ओळींचा, हे मात्र कुठेच नाही. मी तरी कुठल्याच खोक्यावर तो आकडा अजून पाहिलेला नाही. माणूस महागडी गाडी घेतो आणि तिच्या टाकीत पेट्रोल किती मावतं हे त्याला कुणी सांगत नाही, अशी ही तऱ्हा.

मग काकांचा प्रोग्रॅम उघडला. क्यूबिटटोरेंट या त्यांच्या प्रोग्रॅममध्ये मुळात एकूण ५०० जोडण्या आणि एका टोरेंटमागे १०० अशी सोय असते. ट्रान्समिशन हा तसाच दुसरा प्रोग्रॅम त्याहून सौम्य: २०० आणि ५०. काकांनी एकूण ३००० केल्या होत्या, एकाच वेळी ४० टोरेंट चालू, आणि दर सेकंदाला किती नव्या जोडण्या करून पाहायच्या तो आकडा ३० वरून २००. हे सगळं त्यांनी ‘वेग वाढवा’ छापाच्या एका जुन्या मार्गदर्शनातून उचललं होतं. अर्धवट, म्हणजे समोरून अजून उत्तर न आलेल्या, जोडण्यांची मर्यादा उठवा, असाही त्यात सल्ला होता. ती मर्यादा २००४ साली विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये आली, एका वेळी १० अशी, आणि विंडोज ७ येईतो गेलीसुद्धा. रोगी कधीच दगावला, पण काढा अजून उकळतोय.

त्यात डीएचटी. कोणती फाइल कोणाकडे आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरशिवाय, म्हणजे ट्रॅकरशिवाय, माणसं शोधायची ही सोय यूडीपीवर, म्हणजे आधी जोडणी न जुळवता निरोप टाकायच्या पद्धतीवर, चालते: अनोळखी पत्त्यांना एकेक छोटा प्रश्न टाकायचा आणि पुढे जायचं. प्रश्न चिमूटभर, पण तक्त्यात ओळ पूर्ण खातो. या राऊटरच्या आतही लिनक्सच, आणि त्यात अशी अनुत्तरित ओळ मुळात ३० सेकंद टिकते. सेकंदाला ५० नवे पत्ते विचारले तरी कुठल्याही क्षणी १५०० ओळी नुसत्या चौकशीपायी अडलेल्या. आधी जोडणी जुळवून मग बोलणाऱ्या टीसीपीची गोष्ट आणखी न्यारी. जुळलेली पण मुकी झालेली जोडणी मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस, जपून ठेवली जाते. राऊटर बनवणारे बहुधा हा आकडा खाली आणतात. या राऊटरवाल्यांनी हात लावला नव्हता.

अपलोडची मर्यादा काकांनी खरोखरच घातली होती. चौकटीत ५००० लिहिलं होतं, कारण लाइनचा अपलोड ५ मेगाबिट. पण ती चौकट किलोबाइट मागते. ५ मेगाबिट म्हणजे जेमतेम ६१०. काकांनी कुंपण घातलं होतं, पण शेताच्या आठपट लांब. मी ४८० लिहिलं, म्हणजे साधारण ८० टक्के. अपलोड काठोकाठ भरला की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात, म्हणून कुणी काही उतरवत असेल तर तेही रखडतं. लगेच पिंग करून, म्हणजे उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते, पाहिलं: आधी ९०० मिलिसेकंदांच्या आसपास, नंतर ३०. त्या जुन्या मार्गदर्शनाने यूटीपी ही टोरेंटची खास वाहतूक-पद्धतही बंद करायला लावली होती. टोरेंटच्या वाहतुकीत आपणहून बाजूला सरायची रीत त्यातच असते. त्यामागच्या पद्धतीचा दस्तऐवज आरएफसी ६८१७ या नावाने २०१२ मध्ये आला. रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांकडे जायला लागला की वेग उतरवायचा. म्हणजे पाहुण्यांतला एकच जण चपला बाहेर काढणारा, आणि नेमका त्यालाच घराबाहेर ठेवलेलं.

इथे मी उठलोच होतो. पिंग छान, काका खूश, पेटी भरली. सवयीने जाता जाता तक्त्यावर नजर टाकली: ४०९१. अपलोडची मर्यादा बाइट मोजते, तक्ता ओळी मोजतो. दोन वेगळी दुखणी एकाच अंगावर होती. कधी कॉल फुटायचा, कधी कॉल ठणठणीत आणि बाकी सगळं ठप्प. म्हणून तर दर वेळी तक्रार वेगळी वाटायची.

मग काकांना म्हटलं, तुम्ही बंद करता म्हणजे काय करता, ते करून दाखवा.

त्यांनी लॅपटॉप मिटला.

प्रोग्रॅम नीट बंद केला तर तो समोरच्याला निरोप देतो, आणि तक्त्यातल्या त्या ओळी दोनेक मिनिटांत गळतात. मिटलेला लॅपटॉप कुणाला काही सांगत नाही. बाहेरचे लोक टोरेंटसाठी उघड्या ठेवलेल्या पोर्टवर, म्हणजे राऊटरमधल्या वाटेवर, दार ठोठावतच राहतात आणि प्रत्येक ठोठावण्याची नवी ओळ. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. दोन मिनिटांनी ४०४४. चार मिनिटांनी ३६१०. काका म्हणाले, ‘मी एवढा वेळ कुठे थांबतो? दोन मिनिटांत बटण दाबतो.’ बटण दाबलं की तक्ता कोरा, नेट हजर, आणि राऊटर गुन्हेगार.

मग मी प्रोग्रॅममधले आकडे खाली आणले: एकूण जोडण्या १५०, एका टोरेंटला ३०, एका वेळी ५ टोरेंट, बाकी रांगेत, सेकंदाला १० नवे प्रयत्न. डीएचटी बंद केलं, पण दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन आला की ट्रॅकर नसलेल्या दोन फायलींना कुणीच भेटत नाही. मग ते परत चालू केलं. तेव्हा तरी तक्त्यातल्या ओळींचा आकडा ९००च्या पुढे गेला नाही. डाउनलोडचा वेग कमी होईल म्हणून ते कुरकुरत होते. तो उलट वाढला.

निघताना त्यांनी विचारलं, ‘म्हणजे आधीचा राऊटर चांगला होता?’

‘हो.’

‘तो तुम्हीच—’

‘हो काका, मीच.’

त्यांनी तो भाच्याला देऊन टाकला होता. भाच्याकडे तो अगदी झकास चालतोय म्हणे.

तेव्हापासून मी ‘राऊटर बदलला’ असा शेरा मारून बंद केलेल्या माझ्या जुन्या नोंदी अधूनमधून उघडतो. संध्याकाळ हा शब्द असलेल्या बाजूला काढल्या, सतरा निघाल्या. त्यातल्या किती अशा होत्या, ते आता कुणाला विचारणार? बहुतेकांत घरातल्या माणसाने काय सांगितलं ते मी लिहिलेलंच नाही.

काकांना मी आकडा बघायची आज्ञा शिकवून आलो, ही चूक की शहाणपण, अजून ठरलेलं नाही. रोज रात्री झोपण्यापूर्वी मला मेसेज येतो. आज ७४२. आज ६८८. काल आला १८७०, आणि खाली लिहिलंय: ‘लॅपटॉप बंद आहे. मिटलेला नाही, बंद.’