तुम्ही विचारलंत म्हणून : बाळाच्या खोलीत घरच्यांच्या हातचे काय असावे?

ज्यांच्या घरी लवकरच बाळ येणार आहे, अशी माणसे आमच्याकडे आली की मुलीच्या खोलीच्या दाराशी हमखास थांबतात आणि विचारतात, ‘‘हे सगळं घरच्यांनीच केलंय ना? आम्हालाही असं करायचं असेल तर सुरुवात कशापासून करावी?’’ गेल्या सहा वर्षांत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आणि दारात उभ्या उभ्या त्याचे उत्तर दर वेळी अर्धवटच दिले. म्हणून आज ते सावकाशीने लिहीत आहे.

भिंतींचा रंग आणि पडद्यांचे कापड यांचा विचार मागाहून करावा. आधी एका कागदावर घरातल्या माणसांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाच्या हाताला काय येते, ते लिहावे. आमच्या कागदावर सासूबाईंपुढे शिवण होते, मामापुढे सुतारकाम, आत्यापुढे क्रोशाचे विणकाम आणि सासऱ्यांपुढे काहीच नव्हते. ‘‘मला यातलं काही येत नाही,’’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच वाईट वाटल्याची छटा होती. मग माझ्या लक्षात आले की, घरातल्या प्रत्येक डब्यावरची, प्रत्येक वहीवरची नावे वर्षानुवर्षे त्यांच्याच वळणदार अक्षरात आहेत. मी त्यांना एक जाड कागद दिला आणि घरातल्या चार पिढ्यांची नावे लिहून द्या, असे सांगितले. आठ दिवस ते जुन्या नातेवाइकांना फोन करून नावे विचारत होते. त्या निमित्ताने, वीस वर्षे बोलणे नसलेल्या एका चुलतभावाशीही त्यांचे बोलणे झाले. त्या कागदाच्या सर्वांत खालच्या ओळीत त्यांनी एक जागा रिकामी ठेवली होती आणि ती भरली गेली त्या दिवशी पेन हातात धरून ते बराच वेळ नुसते बसून होते. म्हणून सांगते, आपल्याला काय हवे आहे याची यादी घेऊन माणसांकडे जाऊ नये. त्यांच्या हातात जे आहे, ते मागावे.

आता गोधडीविषयी, कारण सर्वाधिक प्रश्न तिच्याबद्दलच येतात. सासूबाईंनी ती घरातल्या वापरलेल्या सुती कपड्यांची शिवली. त्यात माझ्या नवऱ्याचा शाळेतला सदरा आहे, माझ्या आईचा एक दुपट्टा आहे, सासऱ्यांच्या दोन पायजम्यांचे अस्तर आहे. जुने सुती कापड बाळासाठी निवडण्याला आठवणींच्या पलीकडचेही एक कारण आहे : वर्षानुवर्षे धुतल्यामुळे त्याचे जे काही आकसणे आणि रंग जाणे व्हायचे असते, ते बहुतेक आधीच होऊन गेलेले असते आणि धागा मऊ पडलेला असतो. मात्र प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरून पाहावा. जिथे तो जाळीसारखा विरळ दिसतो, तिथले कापड टाके घातल्यावर पहिल्या काही धुण्यांतच फाटते. रंगाची खात्री नसेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने तुकडा घासून पाहावा. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा कितीही प्रिय असला तरी वगळावा, कारण बाळ गोधडीची कड तोंडात घालणार हे नक्की. जुने रेशीम तर घेऊच नये. ते बाहेरून झळाळते, पण घडीवर चिरते.

गोधडी शिवून झाली तेव्हा एक अवघड प्रसंग आला. सासूबाईंनी तीन महिने खपून घातलेला तो धावदोरा पाळण्यात अंथरावा, बाळाच्या अंगावर पांघरावा, हीच त्यांची इच्छा होती आणि मला ‘नाही’ म्हणावे लागणार होते. बाळाला झोपवताना नेहमी पाठीवर, सपाट व घट्ट गादीवर ठेवावे आणि पहिले वर्षभर त्याच्या झोपण्याच्या जागेत उशी, मऊ खेळणे, मोकळे पांघरूण किंवा कडेचे मऊ पॅड काहीही असू नये, अशी अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे; मऊ वस्तू तोंडानाकावर आली तर ती बाजूला सारण्याची ताकद इतक्या लहान बाळात नसते. हे सगळे मी सासूबाईंना रात्री, दोघीच असताना सांगितले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग ती दिवसा वापर. जागेपणी.’’ इतका साधा आणि शहाणा तोडगा मला सुचला नव्हता. त्या दिवसापासून गोधडीची जागा जमिनीवर ठरली. मुलगी जागी असताना तिला तिथेच पोटावर पालथे ठेवायचो आणि आमच्यापैकी कुणीतरी समोर पोटावरच आडवे होऊन तिच्याशी बोलायचे. तिने मान उचलली, ती पालथी पडली, रांगली ते सगळे त्या सदऱ्याच्या आणि दुपट्ट्याच्या तुकड्यांवर. पाळण्यात मात्र घट्ट बसणाऱ्या एका चादरीखेरीज कधी काही ठेवले नाही.

घरच्यांनी प्रेमाने केलेल्या वस्तूला नकार देणे फार जड जाते आणि म्हणूनच या वस्तूंच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते, असे माझे मत आहे. दुकानातून आणलेले खेळणे आपण उलटसुलट करून तपासतो. आत्याने विणलेल्या सशाला तपासणे अपमानासारखे वाटते. आत्याच्या सशाला दोन सुंदर काळी बटणे डोळे म्हणून लावलेली होती. ती मी उसवली आणि तिच्याकडूनच त्या जागी काळ्या दोऱ्याने डोळे भरून घेतले. कारण सांगितल्यावर तिने ते आनंदाने केले, उलट पुढच्या दोन भाच्यांसाठी तिने तसेच ससे विणले. विणकामाची वीण मोकळी असेल तर बाळाची बोटे तिच्या भोकांत अडकतात, म्हणून वीण घट्ट हवी. केसाळ लोकर तर लांबच ठेवावी, तिचे तंतू सुटून बाळाच्या ओल्या मुठीत आणि मुठीतून तोंडात जातात.

पाळण्यावर टांगायच्या चिमणाळ्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्यात मी चुकले आणि ती चूक दुरुस्त करताना पुष्कळ शिकले. माझ्या आईने फिकट गुलाबी आणि पिस्ता रंगाच्या कापडी चिमण्या शिवल्या होत्या. पंखांवर बारीक भरतकाम होते. बाजूला उभे राहून पाहिले की त्या अतिशय गोजिरवाण्या दिसत. मुलगी मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती, ती खिडकीच्या गजांकडे टक लावून बघे. शेवटी मी पाळण्याखालच्या जमिनीवर पाठीवर झोपले, आईला चिमणाळे माझ्या डोक्यावर धरायला सांगितले, आणि मला दिसली ती फक्त सहा फिकट पोटे. भरतकाम सगळे पाठीवर आणि पंखांच्या वरच्या अंगाला होते. म्हणजे ते उभ्या माणसांसाठी होते.

नवजात बाळाला सर्वांत स्पष्ट दिसते ते साधारण 20 ते 30 सेंमी अंतरावरचे, म्हणजे कुशीत घेतल्यावर आपला चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचे. त्यातही फिकट छटांमधला फरक त्याला नीट कळत नाही. ठळक काळे-पांढरे असे टोकाचे रंग त्याच्या नजरेला धरून ठेवतात. रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञाने 1963 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जन्मून काही दिवसच झालेली बाळेदेखील एकरंगी वर्तुळापेक्षा नक्षी असलेल्या वर्तुळाकडे आणि विशेषतः चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहतात, असे दिसून आले. हे वाचल्यावर खिडकीच्या गजांचे कोडे सुटले : उजेडावर काळ्या रेघा. आईने त्याच चिमण्यांच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या कापडाचे पट्टे, ठिपके आणि एकावर एक वर्तुळे टाचली. दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की आईने स्वयंपाकघरातून सगळ्यांना हाका मारून बोलावले. तेव्हा टांगायची वस्तू करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी जमिनीवर झोपा, मग सुई हातात घ्या.

चिमणाळ्याच्या दोऱ्यांबाबत मात्र हयगय नको. युरोपातल्या सुरक्षा मानकांत अगदी लहान बाळांच्या खेळण्यांवरच्या मोकळ्या दोरीला 22 सेंमीची मर्यादा घातलेली आहे, म्हणजे आपली साधारण एक वीत. चिमणाळे बाळाच्या हाताला पोचू नये इतके उंच आणि छताला पक्के असावे, आणि बाळ हात-गुडघ्यांवर उठू लागण्याच्या बेतात आले, साधारण पाच महिन्यांचे झाले, की ते पाळण्यावरून काढावे. आमचे आता खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात खुर्चीच्या वर आहे.

घराण्यातला जुना पाळणा वापरावा का, हेही पुष्कळजण विचारतात. आमच्याकडे तो होता. माझा नवरा आणि त्याच्या आधी सासरे त्यात झोपले होते, त्यामुळे तो खोलीत असलाच पाहिजे असे सगळ्यांचे म्हणणे होते. मामाने टेप काढून मोजले तेव्हा दोन दांड्यांमधले अंतर 9 सेंमी भरले. ते 6 सेंमीपेक्षा जास्त असू नये, नाहीतर बाळाचे अंग त्यातून सरकते आणि डोके अडकते. त्याहून मोठी अडचण रंगाची होती. पूर्वी घरगुती रंगांत शिसे सर्रास असे. अमेरिकेत त्यावर बंदी आली ती 1978 साली आणि आमचा पाळणा त्याहून बराच जुना. असा रंग बाळाने चावला तर वाईटच, पण तो घासून काढू म्हटले तर त्याची धूळ घरभर पसरते आणि ती अधिक घातक असते. मामाचा हात पॉलिशपेपरकडे गेलाच होता. त्याला आम्ही थांबवले. शेवटी पाळणा होता तिथेच, माळ्यावर, झाकून ठेवला आणि त्याच्या रंग न लागलेल्या दोन पितळी कड्या तेवढ्या काढून घेतल्या. मामाने त्या घासून लखलखीत केल्या आणि दाराच्या मागे उंचावर लाकडी फळीत बसवल्या. मुलीचे बाहेर जायचे कपडे तिथे लटकतात, आणि सासरे जाता-येता त्या कडीला बोट लावतात.

छायाचित्रे आणि पत्रे यांबद्दल एवढेच, की मूळ प्रत भिंतीवर लावू नये. कागद आणि शाई दोन्ही उजेडाने जातात, उन्हाची तिरीप येणाऱ्या भिंतीवर तर झपाट्याने. स्वस्त कागद त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. चांगली नक्कल काढून ती चौकटीत घालावी आणि मूळ कागद कोरड्या, अंधाऱ्या जागी सपाट ठेवावा. सासऱ्यांनी लिहिलेल्या नावांचेही आम्ही तेच केले. चौकटीला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घातले, आणि पाळण्याच्या वरच्या भिंतीवर, कुणी कितीही आग्रह केला तरी, काहीही टांगले नाही. चेहऱ्यांची चित्रे मात्र मी जिथे बाळाचे कपडे बदलायचे त्या जागेशेजारी, अगदी खाली, तिच्या नजरेच्या पातळीवर लावली. प्रत्येक वस्तूच्या मागे ती कुणी, कधी आणि कशापासून केली हे पेन्सिलीने किंवा शिवलेल्या पट्टीवर लिहून ठेवावे. आज हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून कुणी लिहीत नाही. आमच्याकडे माळ्यावर एक अप्रतिम विणलेले टोपडे आहे आणि ते कुणी विणले हे सांगू शकणारे आता कुणीही नाही.

आणि खोलीत एक खुर्ची असावी. सजावटीच्या यादीत ती कुणी धरत नाही, पण अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी 1980 साली दाखवून दिले की अवघ्या तीन दिवसांच्या आतली बाळेसुद्धा परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकणे पसंत करतात. बाळाच्या ओळखीची खोलीतली पहिली वस्तू म्हणजे घरच्यांचा आवाज, आणि तो निवांतपणे येण्यासाठी पाठ टेकायला जागा हवी. आमच्या खुर्चीच्या उशीचा अभ्रा माझ्या आजीने भरायला घेतला होता. तिची नजर तेव्हा फार मंद झाली होती. तीन फुले पुरी झाली, चौथ्याच्या दोनच पाकळ्या झाल्या आणि तिने सुई खाली ठेवली ती कायमची. उरलेले फूल पुरे करून देऊ का, असे आत्याने विचारले होते. मी नको म्हटले. चौथ्या फुलाची पेन्सिलीची रेघ धुतल्यानंतरही बरीच वर्षे पुसट दिसत होती.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. पाळणा गेला, ससा पुस्तकांच्या फळीवर बसला आहे, गोधडी तिच्या पलंगावर आहे आणि आता ती रात्रीही पांघरते. मागच्या महिन्यात सदऱ्याच्या तुकड्याशी शिवण उसवली, तेव्हा तिने आजीकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि दुपारभर बसून ते भोक स्वतः शिवले. टाके मोठे आहेत, वाकडे आहेत, दोरा लाल आहे. सासूबाईंनी मागच्या पट्टीवर आपल्या नावाखाली तिचे नाव आणि तारीख लिहिली.