आधी पायी, मग गाडीने: क्रुगरमधले आमचे दहा दिवस

ताडोबात जिप्सी, ड्रायव्हर आणि गाईड यांच्याशिवाय आत जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये आपली आपण गाडी चालवत फिरता येतं हे कळलं, तेव्हा दोन दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं. उत्तर-दक्षिण साधारण ३६० किलोमीटर लांब, जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचं जंगल. आत डांबरी रस्ते, पेट्रोल पंप, कुंपण घातलेले मुक्कामाचे कॅम्प. गाडीही आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालवायची. पुण्याच्या रस्त्यांवर मी वीस वर्षं गाडी चालवते आहे, तेव्हा जायचंच असं ठरलं. मी, नवरा आणि सासूबाई. आईंचं वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण दिवसभर खिडकीशी बसून राहायला त्यांची मुळीच ना नव्हती.

महिना जुलै निवडला. तिकडे तो हिवाळा, आणि कोरडा. गवत वाळलेलं, पानं गळलेली, पाणी मोजक्याच ठिकाणी, त्यामुळे जनावरं दिसतात. मलेरियाचा धोका पावसाळ्यापेक्षा कमी असतो, पण असतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या तिघांनीही घेतल्या. कॅम्प दहा महिने आधी बुक केले, तरी हव्या त्या तारखा सगळीकडे मिळाल्या नाहीत. व्हिसाचं काम चिकाटीचं आहे, कागद जास्तच न्यावेत, एवढंच सांगते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून सहज मिळाला, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष.

अडलं ते जोहान्सबर्गच्या विमानतळावर, भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर. बुकिंग माझ्या नावावर आणि क्रेडिट कार्ड नवऱ्याच्या. मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं, डेबिट कार्ड चालणार नाही, असं तिथल्या मुलाने शांतपणे सांगितलं. सुदैवाने नवऱ्यानेही परवाना काढला होता. तो मुख्य चालक झाला, मी वेगळे पैसे भरून दुसरी चालक, आणि यात दीड तास गेला. म्हणून आधी हे जुळवून ठेवा. आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, काचेसकट, व्हिडिओ काढा. आम्ही परत आल्यावर तीन आठवड्यांनी त्या कंपनीने पुढच्या काचेवरच्या एका टवक्याचे पैसे मागितले. तो टवका आमच्या पहिल्या दिवसाच्या व्हिडिओत होता, तो पाठवल्यावर विषय मिटला.

रात्र तिथेच काढली, कारण अंधारात लांबचा प्रवास करू नका असं प्रत्येकाने बजावलं होतं. सकाळी एन-४ महामार्गाने निघालो आणि मबोम्बेला मागे टाकून दुपारी मलेलेनच्या गेटशी पोचलो. क्रोकोडाइल नदीवरचा पूल ओलांडला की जंगल. पुलावरूनच खाली हत्ती पाणी पिताना दिसले, आणि आईंनी नकळत हात जोडले.

नियम सोपे आहेत आणि कडक आहेत. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४०. गाडीतून उतरायचं नाही, हात किंवा डोकं बाहेर काढायचं नाही. जुलैत गेट सकाळी ६ वाजता उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उशीर झाला तर दंड. ५० चा वेग म्हणजे ५० किलोमीटरला एक तास, असा हिशोब मात्र करू नका. थांबत थांबत जायचं असतं, तेव्हा तासाला वीस-पंचवीस किलोमीटर धरा. साधी छोटी गाडी रस्त्यांना पुरते, पण थोडी उंच मिळाली तर घ्या, गवतापलीकडचं दिसतं.

पहिल्या तीन दिवसांत आम्ही खूप पाहिलं. इम्पाला हरणांचे कळप मोजणं सोडून द्यावं लागलं. झेब्रे, कुडू हरणं, म्हशींचा एक भला मोठा कळप, लोअर साबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी. कॅम्पमध्ये कुणी काय कुठे पाहिलं त्याचा फलक असतो. त्यावर सिंहाची खूण दिसली की आम्ही तिकडे गाडी पळवायचो. तिथे दहा-बारा गाड्या, आणि लांब झुडपात एक शेपूट. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिघेही दमलेले, आणि मला मनातून काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. आईंनी ते तिसऱ्या रात्री बोलून दाखवलं. ओट्यावर मुगाची खिचडी शिजत होती (तिथे स्वयंपाकाची जागा व्हरांड्यात असते, आणि माकडांमुळे फ्रिजला कडी घालावी लागते). त्या म्हणाल्या, "अगं, आपण नुसतं दुसऱ्यांच्या मागे धावतोय. आपल्याला आपलं असं काही दिसलंच नाही."

चौथ्या दिवशी मी आणि नवरा पहाटेच्या पायी फेरीला गेलो. ही फेरी पार्कच्याच वतीने असते, कॅम्पच्या रिसेप्शनवर नाव नोंदवायचं. जास्तीत जास्त आठ माणसं आणि बंदूकधारी दोन रेंजर. आई कॅम्पमध्येच थांबल्या. अंधारात उघड्या गाडीतून निघालो तेव्हा थंडी अशी की कानटोपी आणि दोन स्वेटर घालूनही दात वाजत होते. उजाडता उजाडता गाडी थांबवून रेंजरने सूचना दिल्या: एका रांगेत चालायचं, बोलायचं नाही, काहीही झालं तरी पळायचं नाही.

पहिली वीस मिनिटं मला फक्त माझ्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. मग पुढचा रेंजर थांबला आणि हत्तीच्या शेणाचा एक गोळा उचलून त्याने दोन्ही हातांनी फोडला. आत काड्या, सालीचे तुकडे, न पचलेल्या बिया. गवताचा, ओल्या गोठ्यासारखा वास. हत्तीला खाल्लेल्यातलं निम्मंही पचत नाही, म्हणून त्यावर बाकीचे जगतात, तो म्हणाला. पुढे पांढरट, खडूसारखी विष्ठा: तरसाची, हाडं खाल्ल्यामुळे पांढरी. मग गेंड्याचा उकिरडा. गेंडा पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो. त्याने काडीने उकरून दाखवलं, सगळं गवत आहे म्हणजे पांढरा गेंडा. काळा असता तर कात्रीने तिरप्या कापल्यासारखे काटक्यांचे तुकडे निघाले असते. फलकावर गेंड्याची नोंद का करत नाहीत, हे नवऱ्याने हळूच विचारलं. "कारण तो फलक शिकारीही वाचतो," एवढंच तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

एका वाळूच्या ओढ्यात त्याने बोटाने एका ठशाभोवती गोल काढला. पंजा, पण नखांची खूण नाही. चित्ता सोडला तर मांजरकुळातली जनावरं नखं आत ओढून चालतात, तरसाची आणि कुत्र्याची नखं उमटतात. मागच्या गादीला तीन उंचवटे. ठशाच्या कडा अजून कोसळलेल्या नव्हत्या, म्हणजे रात्रीचाच बिबट्या. त्या दोन-अडीच तासांत आम्हाला मोठं जनावर एकच दिसलं, लांबवर एक जिराफ. त्याच्याकडे बघत रेंजरने जे सांगितलं ते मी परत आल्यावर वहीत लिहून ठेवलं: जनावर शोधू नका, बाकीची जनावरं कुठे बघतायत ते बघा. जिराफ सगळ्यात उंच, तो एकटक एका दिशेला बघत असेल तर तिथे काहीतरी आहे. जनावरांच्या पाठीवर बसून गोचिड्या टिपणारे ऑक्सपेकर पक्षी झुडपातून चिरचिरत उडाले तर त्यांच्याखाली म्हैस किंवा गेंडा असणार, जपून. ताडोबात वानराचा कॉल ऐकून गाईड गाडी थांबवतो, ते आपण कितीदा पाहतो. इथे गाडी मीच चालवत होते, तर तेवढं कान देणं हे माझंच काम होतं.

म्हणून माझं अगदी मनापासून सांगणं आहे: पायी फेरी पहिल्याच सकाळी घ्या. आम्ही चौथ्या दिवशी घेतली आणि तीन दिवस त्याच्याशिवाय गेले.

पुढचा मुक्काम सातारा. हो, कॅम्पचं नाव सातारा! पूर्वी इथली जमीन मोजताना सर्व्हेयरच्या भारतीय मदतनीसाने सतरा नंबरच्या तुकड्याला 'सत्रह' म्हटलं आणि त्याचं सातारा झालं, असं सांगतात. आई मूळच्या वाईच्या. पाटीशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि लगेच भावाला पाठवला.

तिथल्या दुसऱ्या सकाळी एस-१०० या कच्च्या रस्त्यावर, ओढ्याच्या कडेने, आईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. ती तिघं बघ." तीन जिराफ, खाणं थांबवून, तिघांच्याही माना एकाच बाजूला. मी इंजिन बंद केलं. आमच्या बाजूने दोन गाड्या हळू झाल्या, काही दिसेना म्हणून निघून गेल्या. पंचवीस मिनिटं गेली. थर्मासमधला चहा संपला. मग पिवळ्या गवताचा एक भाग उठून उभा राहिला आणि ती सिंहीण झाली. मागोमाग दुसरी, मग चार पिल्लं, एकामागे एक, गाडीच्या पुढून दहा-बारा पावलांवरून रस्ता ओलांडून ओढ्यात उतरली. शेवटचं पिल्लू मध्येच बसलं, त्याने आमच्या चाकाकडे बघितलं, मग धावत आईला गाठलं. आमच्या गाडीत कुणीच कॅमेरा उचलला नाही.

त्याच दिवशी दुपारी मात्र छाती धडधडली. वळणावर एक मोठा सुळेवाला नर हत्ती रस्त्याच्या मधोमध, आमच्याच दिशेने चालत येत होता. मी थांबले, आणि मागे आणखी एक गाडी येऊन चिकटली. आई पुटपुटल्या, "त्याच्या गंडस्थळावरून मद वाहतोय." डोळा आणि कान यांच्यामधून गालावर काळी ओली रेघ, मागचे पायही ओले. लहानपणापासून पोथ्यापुराणांत ऐकलेला शब्द असा समोर चालत येईल हे कुणी मनात आणलं नव्हतं. मदातला नर कुणाला वाट देत नाही, आपणच द्यायची असते. हॉर्न वाजवायचा नाही, गडबड करायची नाही. नवऱ्याने मागच्या काचेतून हाताने खूण केली, मागच्या माणसाला समजलं, आणि दोन्ही गाड्या उलट्या, अगदी सावकाश, दीड-दोनशे मीटर मागे गेल्या. तो वळणापर्यंत आला, थांबला, आणि सोंडेने एक फांदी मोडून झाडीत शिरला. त्यानंतर प्रत्येक वळणावर मी पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं, परतायची वाट मोकळी ठेवली.

शेवटच्या दोन रात्री ओर्पेन गेटमधून बाहेर पडून टिंबावटी या खाजगी राखीव जंगलात गेलो. क्रुगर आणि टिंबावटी यांच्यातलं कुंपण १९९३ मध्ये काढलं, त्यामुळे जनावरं दोन्हीकडे फिरतात. खर्च कॅम्पच्या कितीतरी पट आहे, तो वाचवायचा तर मला समजेल. पण तिथे गाडीच्या बॉनेटवरच्या छोट्या खुर्चीवर माग काढणारा ट्रॅकर बसतो, आणि गाडी रस्ता सोडून झुडपात नेता येते. पहाटे त्याने हात वर केला, उतरला, वाळूतली एक घसटलेली रेघ दाखवली. काहीतरी ओढत नेलेलं. ती रेघ धरून आम्ही मारुलाच्या झाडाखाली पोचलो. वर फांदीच्या बेचक्यात इम्पाला, आणि शेजारी पाय लोंबकळत सोडून झोपलेली बिबट्याची मादी. पायी फेरी झाली नसती तर मी त्या मादीकडेच बघत बसले असते. आता पुन्हा पुन्हा त्या ट्रॅकरकडे बघत होते, तो जमिनीवर काय वाचतोय ते.

निघताना ट्रॅकरचे त्याच्या त्सोंगा भाषेत आभार मानायला आई 'इन्कोमू' शिकल्या. त्याने दोन्ही हात जुळवून त्यांना उत्तर दिलं.

पुढच्या वर्षीचं बुकिंग झालं आहे, या वेळी पार्कच्या उत्तर भागात, पुंडा मारियाकडे. पहिली रात्र झाली की दुसऱ्या पहाटे पायी फेरी, ते सगळ्यात आधी ठरवलं. आईंनी स्वतःची दुर्बीण घेतली आहे. रविवारी सकाळी ती गळ्यात अडकवून पाषाण तलावावर जातात, आणि आल्यावर सांगतात की आज बगळे कुठे बघत होते.